छोट्या महाविद्यालयाचं पहिलं नॅक: कोकणातल्या गावातून कशी करायची तयारी

दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता दरवर्षीची झाली आहे. ज्यांना परवडतं ती मुलं त्यानंतर मुंबई, पुणे, कोल्हापूर गाठतात. मागे राहतात त्यांच्या घरी खोलीभाड्याची सोय नसते, नाहीतर बागेत, होडीवर, घरकामात त्यांच्या हातांची गरज असते. त्यांत मुली बऱ्याच. तालुक्याच्या किंवा त्याहूनही लहान गावातलं वरिष्ठ, म्हणजे पदवीचं, महाविद्यालय या मुलांचं असतं. त्यांची पदवी मुंबईतल्या पदवीइतकीच भक्कम आहे, हे बाहेरच्या कोणीतरी तपासून सांगायला हवं. नॅकचं मानांकन, म्हणजे राष्ट्रीय परिषदेनं महाविद्यालयाची गुणवत्ता तपासून दिलेला दाखला, त्यासाठी घ्यायचं. अनुदान, नवे अभ्यासक्रम, पुढे कधी स्वायत्तता, ही दारं त्यामुळे उघडतात हे खरंच. पण पहिलं कारण ही मुलं आहेत.

दोन-तीनशे विद्यार्थी, निम्म्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या, कार्यालयात दोन माणसं, अशा ठिकाणी ‘नॅक आपलं काम नव्हे’ असं बोललं जातं. मी बरीच वर्षं याच कामात आहे आणि माझं मत अगदी उलट आहे. छोट्या महाविद्यालयात काम भरपूर होतं. प्राध्यापक मुलांना नावानं, वाडीनं, घरच्या अडचणीसकट ओळखतात. कमी पडते ती नोंद. म्हणून पुढचं बहुतेक लिखाण अहवालाच्या भाषेपेक्षा रोजच्या नोंदीबद्दल आहे.

चालत आलेली पद्धत आणि जाहीर झालेला बदल

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे आपली नॅक, १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं स्वायत्त संस्था म्हणून स्थापन केली. मुख्यालय बंगळुरूला. २०१७ मध्ये तिनं पद्धत बदलली आणि जवळपास सत्तर टक्के भार आकडेवारीवर टाकला. एकूण १००० गुण, सात निकष. पदवीपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयासाठी त्यातले ३५० एकट्या अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाचे. गुणांवरून चारपैकी सरासरी काढायची आणि ए प्लस प्लस ते सी अशी श्रेणी द्यायची, १.५० किंवा त्याखाली सरासरी आली तर मानांकन नाही.

मूल्यांकन पद्धतीत सुधारणा सुचवायला नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवरून जानेवारी २०२४ मध्ये नॅकनं श्रेणी रद्द करण्याचा बदल जाहीर केला. आधी ‘मानांकित’ की ‘मानांकित नाही’ एवढंच ठरायचं आणि पुढे ज्यांना हवं त्यांनी १ ते ५ स्तरांची शिडी चढायची, असा त्याचा गाभा आहे. लहान महाविद्यालयाला हा बदल सोयीचा आहे असं मला वाटतं. बी की बी प्लस या चिंतेत जाणारी ताकद मूळ कामाला लावता येते.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की शेजारच्या महाविद्यालयाची जुनी फाइल समोर ठेवून काम करू नका. कामाला लागण्याच्या दिवशी नॅकच्या संकेतस्थळावरून संलग्न महाविद्यालयांची चालू पुस्तिका उतरवून घ्या आणि अर्ज भरण्याच्या आठवड्यात ती पुन्हा ताडून बघा. नमुने, मुदती, शुल्क सगळं त्या पुस्तिकेप्रमाणे. खाली दिलेले पुरावे आणि सवयी मात्र चौकट कोणतीही आली तरी लागणारच.

पात्रता आणि पहिल्या दिवसाची फाइल

आतापर्यंत चालत आलेल्या नियमाप्रमाणे पदवीच्या किमान दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असाव्यात किंवा महाविद्यालय सुरू होऊन सहा वर्षं झालेली असावीत; यातलं जे आधी घडेल ते धरायचं. पहिल्या अर्जासाठी लागणारे कागद बहुतेक ठिकाणी असतात, पण तीन कपाटांत. विद्यापीठाची संलग्नतेची पत्रं हवीत, आणि नुसती पहिल्या वर्षाची नव्हे तर प्रत्येक अभ्यासक्रमाची, प्रत्येक वर्षाची, सलग. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाकडे. एखाद्या वर्षाचं मुदतवाढीचं पत्र गहाळ असेल तर त्याची प्रत मिळवायला वेळ जातो, म्हणून हे काम सर्वांत आधी. त्यासोबत शासनाचा परवानगी आदेश, संस्थेचं नोंदणीपत्र, विद्यापीठ अनुदान आयोगाची दोन-एफ आणि बारा-बी मान्यता असल्यास त्यांची पत्रं, आणि दरवर्षीचं आयशेचं, म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचं, प्रमाणपत्र.

आयशेकडे जास्त लक्ष द्या. विद्यार्थीसंख्या, शिक्षकसंख्या तिथे एक आणि तुमच्या अहवालात दुसरी असेल तर पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा मागितला जातो. मागच्या पाच वर्षांचे आयशेचे अर्ज छापून काढा आणि प्रवेशाच्या जनरल रजिस्टरशी एकेक आकडा ताडा. फरक निघाला तर तो कुठून आला हे त्याच कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: अमुक इतक्या मुलांनी ऑगस्टनंतर प्रवेश रद्द केला, अमुक मुलं एटीकेटीची होती. सहा महिन्यांनी हे कोणाला आठवत नाही.

वरिष्ठ महाविद्यालय वेगळं काढा

कोकणातल्या छोट्या महाविद्यालयाची सर्वांत अवघड गाठ इथे असते, आणि मार्गदर्शनाच्या कार्यशाळांत तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एकच शिक्षण संस्था, एकच आवार. सकाळी वरिष्ठचे वर्ग, दुपारी कनिष्ठचे, पलीकडच्या इमारतीत हायस्कूल. ग्रंथालय एक, प्रयोगशाळा एक, मैदान एक, कधी कधी शिपाईही एकच. गावाच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. लोकांनी श्रमदान करून, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळानं वर्गणी काढून उभं केलेलं ते एकच ‘कॉलेज’ असतं. पण नॅक मूल्यांकन करते ते वरिष्ठ महाविद्यालयाचं. अकरावी-बारावीची मुलं, त्यांचे शिक्षक, त्यांच्या पुस्तकांवरचा खर्च यातलं काहीही धरता येत नाही.

सुरुवात हिशेबापासून करा. वरिष्ठ विभागाचं स्वतंत्र जमा-खर्चपत्रक आणि ताळेबंद सनदी लेखापालाच्या सहीनिशी हवा. संस्थेचा एकत्र ताळेबंद असेल तर लेखापालांना भेटून मागच्या पाच वर्षांचा वरिष्ठ विभागाचा खर्च त्यांच्याकडूनच वेगळा करून, प्रमाणित करून घ्या. वीजबिल, दुरुस्ती, ग्रंथालय, प्रयोगशाळा असा सामायिक खर्च कोणत्या प्रमाणात वाटला, याचा ठराव संस्थेच्या सभेत मंजूर करून घ्या. प्रमाण काही का असेना, पाचही वर्षं तेच हवं.

मग ग्रंथालय. दाखल नोंदवही एकच असेल तर नव्या वर्षापासून वरिष्ठसाठी स्वतंत्र नोंदवही सुरू करा आणि जुन्या पुस्तकांची विभागणी ग्रंथपालाकडून यादी करून घ्या. संगणकीकरण झालं नसेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल किंवा मोफत मिळणारं कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरता येतं. इन्फ्लिबनेटच्याच एन-लिस्ट या ऑनलाइन वाचनसेवेचं वार्षिक सदस्यत्व घेतलं की लहान गावातल्या मुलालाही हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं उघडता येतात. सदस्यत्व घेऊन ठेवणं पुरेसं नाही. कोणी किती वापरलं त्याची महिन्याची नोंद काढून ठेवा.

डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही), खोल्यांची वाटणी, वेळापत्रक हेही त्याच पद्धतीनं. कोणती खोली किती ते किती वरिष्ठकडे असते, हे नकाशावर दाखवून प्राचार्यांची सही घ्या. दोन्हीकडे शिकवणाऱ्या शिक्षकांचे नेमणूक आदेश नीट वाचा. पूर्ण शैक्षणिक वर्षात पूर्णवेळ शिक्षकाच्या किमान नव्वद टक्के तास काम करणाऱ्यालाच नॅक पूर्णवेळ शिक्षक धरते. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना त्या यादीत घालण्याचा मोह होतो. घालू नका. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती आणि भरतीसाठी संस्थेनं कोणत्या तारखेला कोणाला पत्र लिहिलं, हे सरळ मांडा. रिकाम्या जागांनी गुण कमी होतील, पण चुकीची यादी पकडली गेली तर उरलेल्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

माणसं कोण लागतील

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी, कागदावर असतोच. प्राचार्य अध्यक्ष, काही शिक्षक, व्यवस्थापनाचा एक सदस्य, कार्यालयातलं कोणीतरी, स्थानिक समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, नोकरी-उद्योग देणारे यांचे प्रतिनिधी, आणि एक ज्येष्ठ शिक्षक समन्वयक. तिमाहीत किमान एक बैठक. स्थानिक प्रतिनिधी म्हणून दरवेळी संस्थेच्याच माणसाला बसवू नका. मच्छीमार सोसायटीचा सचिव, बचत गटाच्या फेडरेशनची ताई, काजू प्रक्रिया करणारा उद्योजक, अशांपैकी कोणी घ्या. ते एकच प्रश्न विचारतात, ‘आमच्या पोरांना याचा काय उपयोग?’, आणि त्या प्रश्नानं बैठक जागी होते.

इतिवृत्त त्याच दिवशी लिहा. मागच्या बैठकीत ठरलेलं किती झालं, हा रकाना प्रत्येक इतिवृत्तात असू द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते. नॅकच्या खर्चाची तरतूद तिच्यासमोर ठेवून मंजूर करून घ्या. स्कॅनर, संकेतस्थळ, ऊर्जा आणि हरित लेखापरीक्षण यांना पैसे लागतात, आणि ऐन वेळी ते प्राध्यापकांच्या खिशातून निघतात, हे योग्य नाही.

सात निकष सात जणांना वाटायचे अशी प्रथा आहे. आठ शिक्षकांच्या महाविद्यालयात ती चालत नाही. त्याऐवजी माणसागणिक पुरावे वाटा: एकजण विद्यार्थ्यांचे सगळे आकडे, एकजण पैसा आणि इमारत, एकजण उपक्रम आणि फोटो, एकजण संकेतस्थळ. निकष कोणताही असो, मजकूर त्यांच्याकडूनच यायचा. तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांना यात घेताना त्यांचा वेळ मोजून मानधन द्या. बिनपगारी कामावर गुणवत्तेचा अहवाल उभा करणं मला पटत नाही.

पुरावा त्याच दिवशी

उपक्रम झाला की त्याचे सहा कागद त्या संध्याकाळी एकत्र झाले पाहिजेत: प्राचार्यांच्या सहीची आणि जावक क्रमांकाची सूचना, उपस्थितांच्या सह्या, तारीख आणि ठिकाण दिसणारे जिओटॅग फोटो, पानभर अहवाल, खर्चाची पावती, आणि बाहेरची संस्था सोबत असेल तर तिचं पत्र. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला हे बहुतेक होतं, कारण विद्यापीठ मागतं. गावच्या जत्रेत मुलांनी केलेली स्वच्छता, विस्तार कार्यातलं सर्वेक्षण, ग्रामपंचायतीच्या सभेला लावलेली हजेरी, हे मात्र हवेत विरतं.

खाडीकाठच्या स्वच्छतेचा एक फोटो घ्या. तीस मुलं, हातात पोती, मागे कांदळवन, सगळे हसताहेत. तारीख नाही, बॅनर नाही, कोणतं गाव ते कळत नाही. कामाचा घाम खरा आहे, पण पुरावा म्हणून हा फोटो शून्य. तोच फोटो जिओटॅगच्या ॲपमधून काढला आणि मुलांच्या हातात गावाचं नाव, तारीख लिहिलेली पाटी दिली, तर तो पाच वर्षांनीही बोलतो. गेलेल्या वर्षांच्या फोटोंवर आज तारखा चिकटवू नका. जुन्या उपक्रमासाठी ग्रामपंचायतीकडून, शाळेकडून ‘अमुक तारखेला हे काम झालं होतं’ असं त्यांच्या दफ्तरातल्या नोंदीवरून पत्र मिळतं का बघा. मिळालं तर लावा, नाही मिळालं तर तो उपक्रम सोडून द्या.

आपल्याकडे कागदाचा दुसरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटात बुरशी धरते, हजेरीपटाची शाई पसरते, पिना गंजून पानं फाटतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगड-दापोली पट्ट्यात शाळा-कॉलेजांची छपरं उडवली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं. तळमजल्यावरचं दफ्तर एका रात्रीत जाऊ शकतं, हे आपल्याला आता कोणी सांगायला नको. म्हणून मे महिना संपायच्या आत त्या वर्षाचे सगळे कागद स्कॅन झालेच पाहिजेत. एक प्रत महाविद्यालयाच्या नावानं घेतलेल्या ऑनलाइन साठ्यात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या गावात किंवा वरच्या मजल्यावर. ऑनलाइन साठा कोणा सरांच्या खाजगी खात्यावर नको. सरांची बदली झाली की खातंही जातं. फाइलींना नाव देताना वर्ष, निकष, उपक्रम, तारीख हा क्रम सगळ्यांनी एकसारखा पाळा.

आकडे समजून घ्या, छोट्यांना ते साथ देतात

बरेच निकष टक्केवारीत मोजले जातात. मंजूर जागांपैकी भरल्या किती, राखीव जागांपैकी किती, शेवटच्या वर्षाचे उत्तीर्ण किती, क्षेत्रीय प्रकल्प किंवा इंटर्नशिप केलेले किती, शिष्यवृत्ती मिळालेले किती. समजा तुमच्याकडे दोनशे चाळीस विद्यार्थी आहेत. त्यातल्या एकशे ऐंशी जणांनी वर्षात एक चांगला क्षेत्रीय प्रकल्प केला, तर पंच्याहत्तर टक्के झाले. चार हजार मुलांच्या शहरी महाविद्यालयाला तिथे पोचायला तीन हजार प्रकल्प लागतील. तुम्हाला लागतात सहा-सात शिक्षक आणि आजूबाजूची पंधरा गावं.

हीच गोष्ट प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची. किमान तीस तासांचा, अभ्यासक्रम लिहिलेला, हजेरी आणि परीक्षा असलेला वर्ग हवा. इथे शहराची नक्कल करून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ लावण्यापेक्षा घरगुती निवास व्यवस्था, कोकम-आंबा प्रक्रिया, मत्स्यव्यवसायाचे हिशेब, किनारी पर्यटन मार्गदर्शक असे विषय घ्या. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, त्याचंच रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, जवळचं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे जाणकार माणसं आहेत. सामंजस्य करार केलात तर वर्षाला एक तरी प्रत्यक्ष उपक्रम त्याखाली घ्या. नुसत्या सहीच्या कराराला किंमत नाही.

जागा रिकाम्या राहतात, हे आपल्या भागातलं मोठं दुखणं आहे आणि ते आकड्यात दिसणारच. भरत नसलेली तुकडी वर्षानुवर्षं चालू ठेवायची की विद्यापीठाला कळवून प्रवेशक्षमता कमी करायची, यावर व्यवस्थापनानं निर्णय घ्यायची हीच वेळ आहे. तो निर्णय नॅकसाठी नव्हे, मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी घ्यावा.

विद्यार्थी, आणि मुंबईला गेलेले विद्यार्थी

विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी नॅक मुलांना थेट ईमेल पाठवते. इथे अनेक महाविद्यालयं अडखळतात, कारण प्रवेशअर्जावर जो ईमेल पत्ता असतो तो सायबर कॅफेवाल्यानं बनवलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात संगणक कक्षात मुलांना बसवा, प्रत्येकाकडून स्वतःच्या मोबाइलवर ईमेल उघडून घ्या, महाविद्यालयाच्या पत्त्यावर एक ओळ पाठवायला लावा. सर्वेक्षणाची मेल येईल तेव्हा उत्तर काय द्यायचं हे मात्र मुलांना शिकवू नका. ग्रंथालय चारला बंद होतं, एसटी चुकते म्हणून शेवटचा तास बुडतो, असं कोणी लिहिलं तर लिहू द्या. आणि त्याआधी वर्षभर तुमच्या स्वतःच्या अभिप्राय अर्जांतून हीच तक्रार आली असेल तर वेळापत्रक एसटीच्या फेऱ्यांशी जुळवून टाका. अभिप्राय घेतला, त्याचं विश्लेषण केलं, काय बदललं, ही साखळी संकेतस्थळावर दाखवायची असते. वेळापत्रकाचा एवढा एक बदल त्या साखळीचा उत्तम नमुना आहे.

पदवीनंतर मुलं कुठे गेली, हा आकडा गोळा करणं सर्वांत कष्टाचं. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, दाखला न्यायला मूल येतं तेव्हा काउंटरवरच छोटा अर्ज भरून घ्या: सध्या काय करतोस, कुठे, नेमणूकपत्राचा किंवा पुढच्या प्रवेशाचा फोटो पाठवशील का. प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप गट निकालाच्या दिवशीच करून ठेवा. स्वतःची होडी, बाग, होमस्टे चालवणाऱ्यांनाही विचारा. उद्यम नोंदणी किंवा अन्न परवाना असेल तर त्याची प्रत घ्या.

माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असावा लागतो. धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या नोंदणीला वेळ लागतो, म्हणून घटना लिहिणं आणि सात माणसं जमवणं पहिल्या सहा महिन्यांतच उरका. मेळावा कधी घ्यायचा हा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावात असतोच. गौरी-विसर्जनानंतरचा दिवस धरा, दुपारी दोन तास पुरतात. त्यांनी दिलेली वर्गणी पावती फाडून बँकेतूनच घ्या. पैशांपेक्षाही, मुंबईत इंटर्नशिपला येणाऱ्या मुलीला पंधरा दिवस राहायची खोली कोण देईल, याची यादी त्या मेळाव्यात करा. शहरातल्या कोणत्याही महाविद्यालयाकडे असं जाळं नाही.

उत्तम उपक्रम: एकच, पण खोल

अहवालात दोन उत्तम उपक्रम आणि संस्थेचं वेगळेपण लिहायचं असतं. या मजकुरात मी वाचलेले बहुतेक अहवाल सारखे असतात: वृक्षारोपण, रक्तदान, व्यसनमुक्ती रॅली. चांगली कामं आहेत, पण त्यांतून तुमचं महाविद्यालय कुठे आहे हे कळत नाही.

तुमच्या उंबऱ्यापासून सुरुवात करा. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत फेब्रुवारी सरला की विहिरींचं पाणी मचूळ होऊ लागतं. समजा तुमच्या रसायनशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी पाच वाड्यांतल्या वीस विहिरी निवडल्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाटली भरून आणायची, क्षारांचं प्रमाण मोजायचं, वहीत लिहायचं: विहिरीचा क्रमांक, तारीख, भरती की ओहोटी, काठापासून पाण्याची खोली, मीटरवरचा आकडा, मोजणाऱ्याचं नाव. वर्षाअखेर ग्रामपंचायतीला तक्ता द्यायचा आणि पोच घ्यायची. पोचेवरचा तो ग्रामपंचायतीचा शिक्का म्हणजे तुमच्या उपक्रमाचा पुरावा. तीन वर्षांनी कोणत्या विहिरीत खारेपण वाढतंय हे गावाला तुमच्या मुलांमुळे कळलेलं असेल. यात अध्यापन आहे, संशोधन आहे, विस्तारकार्य आहे, पर्यावरण आहे. एकाच वहीतून चार निकषांना खरा मजकूर मिळतो.

राजापूर-लांजा-रत्नागिरीच्या सड्यांवर असाल तर कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, देवी हसोळ, उक्षी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. इतिहासाच्या मुलांनी आसपासच्या वाड्यांत म्हाताऱ्या माणसांकडून त्या जागांची स्थानिक नावं आणि समजुती नोंदवून ठेवल्या तर ते काम इतर कोणी करणार नाही. वेळास-आंजर्ल्याकडे कासवं आहेत. वेंगुर्ला-मालवणकडे मासळी सुकवणाऱ्या बायकांचे हिशेब आहेत. एक विषय धरा आणि मूल्यांकन झाल्यावरही सोडू नका.

अहवाल, तपासणी, भेट

आतापर्यंत चालत आलेल्या पद्धतीत प्राथमिक माहितीचा अर्ज स्वीकारला गेला की स्वयंमूल्यमापन अहवाल भरायला ४५ दिवस मिळतात. त्यामुळे अर्जाची तारीख निवडताना पंचांग आणि परीक्षांचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवा. गणपती, विद्यापीठाच्या परीक्षा, मे महिन्याची रजा यांतलं काहीही त्या दिवसांत नको. अर्ज भरण्यापूर्वीच नव्वद टक्के अहवाल तयार असावा. मजकूर लिहिताना शब्दमर्यादा पाळा, विशेषणं गाळा. ‘अत्यंत समृद्ध ग्रंथालय’ लिहिण्यापेक्षा पुस्तकं किती, वर्षात किती घरी गेली, ते लिहा.

सगळे पुरावे महाविद्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चढवा. दुवे दुसऱ्या गावातल्या मोबाइलवरून, लॉग-इन न करता उघडतात का, हे कोणा त्रयस्थाकडून तपासून घ्या. पावसाळ्यात लाइट आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका.

यानंतर आकडेवारीची पडताळणी होते, तिला डीव्हीव्ही म्हणतात. त्यात खुलासे मागतात: अमुक वर्षाची यादी प्राचार्यांच्या सहीनं द्या, हा खर्च लेखापरीक्षित पत्रकात कुठे आहे ते खूण करून दाखवा. मुदत थोडी असते. ज्याच्याकडे मूळ कागद आहेत तो या दिवसांत रजेवर जाऊ नये. आकडा चुकला असेल तर दुरुस्त करून पाठवा, चुकीचा आकडा सिद्ध करायच्या मागे लागू नका.

तज्ज्ञ समितीची भेट प्रत्यक्ष असो वा ऑनलाइन, तयारी एकच. प्रत्येक विभागाचं छोटं सादरीकरण, मूळ रजिस्टरं हाताशी, आणि बोलायला मोकळे असलेले विद्यार्थी. मुलांना मराठीत बोलू द्या, गरज पडली तर कोणीतरी भाषांतर करील. होडीवर काम करून पहाटे आंघोळ करून कॉलेजला येणारा मुलगा स्वतःच्या शब्दांत सांगेल ते कुठल्याही पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यापेक्षा वजनदार ठरतं.

पाहुणचाराबद्दल स्पष्ट लिहितो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. ‘सगळं जमवून देतो’ म्हणत फोन करणारे मध्यस्थ आपल्याकडेही पोचतात. त्यांना नकार द्या आणि तो नकार आयक्यूएसीच्या इतिवृत्तात नोंदवा. साधं जेवण, स्वच्छ पाणी, बसायला खुर्ची यापलीकडे काही देऊ नका. आंब्याची पेटीसुद्धा नको. आपल्या मुलांची पदवी संशयाच्या सावलीत जाता कामा नये.

निकालानंतर

मानांकन मिळालं तर दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल भरायचा असतो. तो मेमध्ये स्कॅन केलेल्या कागदांवरून जून-जुलैतच लिहून टाका. समितीनं लिहिलेल्या त्रुटी विकास समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या, प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा. मिळालं नाही तरी हेच करायचं. जमवलेल्या नोंदी वाया जात नाहीत, त्याच पुढच्या अर्जाचा पाया असतात.

आणि समन्वयक बदलण्याची तयारी आधीपासून ठेवा. निवृत्ती, बदली, आजारपण, कारण काहीही असो, नव्या माणसाला पासवर्डांची वही, फाइलींची यादी, अर्धवट राहिलेल्या पत्रव्यवहाराची यादी आणि जुन्या समन्वयकासोबत बसायला किमान एक महिना मिळाला पाहिजे. पासवर्डांची ती वही प्राचार्यांच्या कपाटात, सीलबंद लिफाफ्यात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्यातली प्रत्येक नोंद चालते का बघा.